आलिशान क्रूझ गाठायला परदेशी निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचं बुकिंग झालं की माणूस जहाजाबद्दल मिळेल ते वाचून काढतो. डेकचे नकाशे पाठ होतात, कुठल्या रात्री कुठल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं तेही ठरतं. जहाजापर्यंत पोचायचं कसं, हा विषय मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत मागे पडतो आणि घोडं अडतं ते नेमकं तिथेच. म्हणून इथे जहाजावर पाय ठेवण्याआधीचे आणि त्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतले प्रश्न घेतले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच आग्रह पुन्हापुन्हा येईल: वेळ हाताशी राखून निघा. काटकसर करायची तर पैशात करा, वेळेत करू नका.

जहाज संध्याकाळी पाचला सुटणार आहे. त्याच दिवशी सकाळच्या विमानाने पोचलो तर चालेल का?

तसं करू नका. जहाज पाचला सुटणार याचा अर्थ पाचपर्यंत आत घेतात असा नाही. बहुतेक कंपन्या चेक-इन एक ते दोन तास आधी बंद करतात, कारण प्रवाशांची अंतिम यादी सुटण्यापूर्वी सरकारी यंत्रणेकडे द्यावी लागते. अमेरिकेत तर ती निदान साठ मिनिटं आधी पोचलीच पाहिजे असा नियम आहे. यादी गेली की दार बंद. एक विमान चुकलं तर दुसरं मिळतं. जहाजाचं तसं नसतं. धक्का सोडायची वेळ ठरलेली असते, पायलट, म्हणजे जहाजाला बंदरातून सुखरूप बाहेर काढणारा वाटाड्या, बोलावलेला असतो, पुढच्या बंदरातली जागा राखून ठेवलेली असते. दोन प्रवाशांसाठी हे सगळं थांबत नाही, मग त्यांचा सूट (मोठी, आलिशान केबिन) कितीही महागडा असो.

निदान एक रात्र आधी पोचा. बरेच टाइम झोन ओलांडायचे असतील, मधे विमान बदलायचं असेल किंवा हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या शहरातून जायचं असेल, तर दोन रात्री आधी. त्यात झोपेची घडी बसते आणि मागे राहिलेल्या बॅगेलाही तुम्हाला गाठायला अवधी मिळतो. विमानतळावर चुकलेली बॅग बऱ्याचदा एक-दोन दिवसांत येते. तोवर तुम्ही हॉटेलात असाल तर ती तुमच्या हाती पडते. तुम्ही समुद्रात असाल तर ती एका बंदरातून दुसऱ्या बंदरात तुमचा माग काढत फिरते.

जाहिरातीत ‘रोम’ लिहिलंय. म्हणजे जहाज रोममध्येच उभं असेल ना?

नाही. रोम शहर काही समुद्रकाठी नाही. तिथलं क्रूझ बंदर चिवितावेक्किया, फ्युमिचिनो विमानतळापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. ‘लंडन’ म्हणजे बहुधा साउदॅम्प्टन, हीथ्रोपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, दोनशे किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, तेही दोनशे किलोमीटरच्या पुढे. ‘व्हेनिस’ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे अनेक सफरी आता रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. रावेन्ना व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. अथेन्सचं पिरेयस मात्र सोपं, विमानतळावरून थेट मेट्रो जाते. फ्लोरिडात मायामी आणि फोर्ट लॉडरडेल ही दोन बंदरं एकमेकांपासून साधारण ४० किलोमीटरवर आहेत आणि दोन्हीकडून रोज जहाजं सुटतात, तेव्हा तिकिटावरचं बंदराचं नाव नीट वाचा.

हॉटेल, रेल्वे किंवा टॅक्सी बुक करण्याआधी तिकिटावर बंदर आणि टर्मिनल या दोन्ही गोष्टी पाहा. बार्सिलोनासारख्या बंदरात टर्मिनल अनेक आहेत आणि चुकीच्या टर्मिनलवर उतरून मोठ्या बॅगा घेऊन पायी जाणं शक्य होत नाही. आदल्या रात्री हॉटेल शहरात घ्यायचं की बंदराजवळ? सकाळची धांदल सोसत नसेल तर बंदराजवळ. शहर बघायचं असेल तर शहरात राहा आणि सकाळची गाडी आधीच सांगून ठेवा.

विमानाचं तिकीट क्रूझ कंपनीकडून घ्यावं की स्वतः काढावं?

जाताना कंपनीकडून घेतलेलं बरं, असं माझं मत आहे. विमान लांबलं तर ते प्रकरण कंपनीच्याही अंगावर येतं. तिचा आणीबाणीचा कक्ष दुसरं विमान शोधतो, अगदीच जमलं नाही तर पुढच्या बंदरात पोचवायची खटपट करतो. तोटा असा, की कोणतं विमान मिळेल हे कधी कधी उशिरा कळतं आणि मार्ग आडवळणाचा निघू शकतो. बहुतेक आलिशान कंपन्या थोडे पैसे घेऊन विमान निवडू देतात. तो खर्च करण्यासारखा आहे.

स्वतः काढणार असाल तर सगळे टप्पे एकाच तिकिटावर हवेत. दोन वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या विमान कंपनीवर तुमची काहीच जबाबदारी राहत नाही. परतीचं तिकीट कोणाकडूनही घ्या, फक्त दुपारनंतरचं घ्या. उतरणं सकाळी सुरू होत असलं तरी इमिग्रेशन आणि रस्त्यावरची गर्दी आपल्या हातात नसते.

व्हिसा कुठल्या कुठल्या देशांचा लागेल?

चढता त्या देशाचा, उतरता त्या देशाचा, मधल्या बंदरांचा आणि विमान जिथे बदलता त्या देशाचा: चारही बाजू तपासा. ‘आम्ही तिथे जहाजातून उतरणारच नाही’ हे कारण बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आवश्यक व्हिसा नसेल तर टर्मिनलवरूनच परत पाठवतात आणि तिकिटाचे पैसे बुडतात.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं, शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, एकदाच प्रवेश देणारा व्हिसा. जहाज ग्रीसहून तुर्कस्तानला किंवा क्रोएशियाहून माँटेनेग्रोला जाऊन पुन्हा शेंगेन देशात आलं की तो दुसरा प्रवेश ठरतो. म्हणून अनेकदा प्रवेश देणाराच व्हिसा मागा. दुसरं, अमेरिकेतून नुसतं विमान बदलून पुढे जायचं असलं तरी तिथे इमिग्रेशन पार करावंच लागतं, त्यामुळे ज्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो त्यांना तो यासाठीही लागतो.

पासपोर्ट सफर संपल्यानंतर निदान सहा महिने चालणारा हवा. शेंगेनचा स्वतःचा नियम तीन महिन्यांचा आहे, पण क्रूझ कंपन्या साधारणपणे सहाच मागतात. पासपोर्टवरचं नाव, विमानाचं तिकीट आणि क्रूझचं तिकीट तिन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं असू द्या. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही मार्गांवर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखलाही मागतात. ती लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

सामान कसं बांधायचं?

जहाजावर वजनाची अडचण सहसा येत नाही, विमानात येते. म्हणून बॅग विमानाच्या हिशेबाने भरा. आलिशान जहाजांवर कपडे धुण्याची सोय चांगली असते. काहींवर प्रवाशांना स्वतः वापरता येतील अशी मोफत यंत्रं असतात. तेव्हा आठवड्याचे कपडे दोन आठवडे पुरतात.

टर्मिनलच्या दारात मोठ्या बॅगा पोर्टर घेतात आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात, पण कधी तासाभरात, कधी संध्याकाळी. तोपर्यंत हाताशी लागणारं सगळं छोट्या बॅगेत ठेवा: पासपोर्ट, सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चष्मा, दागिने, चार्जर, एक जोडी कपडे आणि पोहायचा पोशाख. पहिल्या दुपारी पूल बराचसा रिकामा असतो. कंपनीने दिलेली बॅगेची पट्टी छापून घट्ट लावा, त्यावर केबिनचा नंबर असतो. जुन्या प्रवासाच्या पट्ट्या काढून टाका.

इस्त्री, कपड्यांची वाफेची इस्त्री, किटली, मेणबत्त्या नेऊ नका, काढून घेतात. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्डही बहुतेक कंपन्या चालू देत नाहीत. जहाजाची वीजजोडणी घरापेक्षा वेगळ्या पद्धतीची असते आणि तिथे तो तापून आगीचं कारण होऊ शकतो.

बॅग विमान कंपनीकडून आलीच नाही, तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करा, तिचा नंबर घ्या आणि जहाजाचं नाव व बंदरांची तारीखवार यादी तिथे द्या. नुसता हॉटेलचा पत्ता दिला तर बॅग तुम्ही गेल्यावर हॉटेलात येऊन पडते. मॉन्ट्रियल करार या विमानप्रवासाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. बॅग उशिरा आली तरी दरम्यान कराव्या लागलेल्या गरजेच्या खरेदीचे पैसे मागता येतात, म्हणून पावत्या ठेवा.

टर्मिनलवर काय काय होतं?

बॅगा दिल्या की विमानतळासारखीच तपासणी, मग चेक-इनचा काउंटर. तिथे पासपोर्ट, व्हिसा आणि बोर्डिंग पास पाहतात, फोटो काढतात आणि बिलासाठी क्रेडिट कार्ड नोंदवून घेतात. डेबिट कार्ड देऊ नका. जहाज त्यावर रक्कम अडवून ठेवतं आणि तेवढे पैसे सफरभर वापरता येत नाहीत. केबिनची किल्ली असलेलं कार्ड इथेच किंवा केबिनच्या दारात मिळतं. जहाजावरचा सगळा व्यवहार त्याच कार्डावर चालतो.

तुम्हाला दिलेल्या वेळेलाच जा. फार लवकर गेलात तर खुर्चीत ताटकळावं लागतं, कारण सकाळी आधीचे प्रवासी उतरत असतात आणि केबिनची साफसफाई चालू असते.

पासपोर्ट जहाजवाले ठेवून घेतात. काळजीचं कारण आहे का?

नाही. काही मार्गांवर सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र ठेवले की बंदरावरचे अधिकारी ते एकदमच तपासतात आणि तुमची रांग वाचते. पहिल्या पानाची आणि व्हिशाची छायाप्रत मात्र जवळ ठेवा, खाली उतरताना काही ठिकाणी तीच लागते.

एवढे पैसे मोजल्यावर ‘आलिशान’ जहाजावर नेमकं जास्त काय मिळतं?

सर्वांत आधी जागा. जहाजाच्या ग्रॉस टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी किती जागा आहे याचा अंदाज येतो. ग्रॉस टनेज हे जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे, वजनाचं नव्हे. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे प्रचंड जहाज २,४८,६६३ टनांचं आणि केबिनमागे दोघे धरले तर ५,६१० प्रवाशांचं, म्हणजे भागाकार ४४ च्या आसपास. सिल्व्हरसी या आलिशान क्रूझ कंपनीचं ‘सिल्व्हर नोव्हा’ सुमारे ५४,७०० टनांचं आणि ७२८ प्रवाशांचं, म्हणजे ७५. हा फरक जाणवतो तो लिफ्टपाशी, नाश्त्याला आणि डेकवर खुर्ची शोधताना. म्हणजे तो रोज जाणवतो.

दुसरं म्हणजे भाड्यात काय काय धरलंय. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबोर्न, एक्सप्लोरा जर्नीज यांच्या भाड्यात जेवण, बहुतेक पेयं आणि टिप साधारणपणे धरलेली असते. किनाऱ्यावरच्या सहली, विमान आणि हॉटेल यांत मात्र कंपनीगणिक, अगदी भाड्याच्या प्रकारागणिक फरक पडतो. दोन कंपन्यांचे दर तोलताना आधी या गोष्टी समोरासमोर मांडा.

सुरक्षेचा सराव चुकवता येतो का?

येत नाही आणि चुकवायचा विचारही करू नका. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कोंकोर्डिया’ इटलीच्या जील्यो बेटापाशी खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात चढल्यापासून चोवीस तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर व्हावाच लागतो.

हल्ली अनेक जहाजांवर तो दोन भागांत होतो. केबिनमधल्या टीव्हीवर किंवा फोनवर फिल्म पाहायची, मग आपल्या एकत्र जमायच्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं. तिथला कर्मचारी जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते करून दाखवतो. त्याला दोन मिनिटं द्या. आणीबाणीचा इशारा म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. केबिनमध्ये परतताना लिफ्ट न घेता जिन्याने या आणि वाटेत किती वळणं लागतात ते लक्षात ठेवा. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते आणि धुरात पाट्या दिसत नाहीत.

केबिनमध्ये शिरल्यावर आधी काय करावं?

सामान यायच्या आत केबिन पाहून घ्या. पलंग, उशा, अंथरूण यांत काही बदल हवा असेल तर केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा. पहिल्या दुपारी ते सहज होतं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात. भिंती बहुतेक पोलादाच्या असल्यामुळे चुंबकाचे हूक त्यांवर चिकटतात. टोपी आणि ओला टॉवेल टांगायला त्यांच्यासारखी सोय नाही. प्लगचे सॉकेट बऱ्याच जहाजांवर अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन्ही तऱ्हांचे असतात.

बाल्कनीचं दार उघडताना केबिनचं मुख्य दार बंद आहे ना, हे आधी बघा. दोन्ही एकदम उघडी राहिली तर वारा आरपार सुटतो आणि त्या जड दाराचा असा दणका बसतो की बोट सापडलं तर मोडेल. लहान मुलं आणि वयस्क मंडळी बरोबर असतील तर त्यांनाही हे पहिल्या तासातच सांगून ठेवा.

मग रेस्टॉरंट, स्पा आणि सहलींची उरलेली बुकिंग उरका आणि जहाज सुटताना डेकवर जा. बंदर मागे पडल्यावर पायलटची छोटी बोट जहाजाला येऊन भिडते, पाण्यालगतचं एक दार उघडतं आणि पायलट दोरीच्या शिडीने खाली उतरतो. दोन्ही बोटी तेव्हा चालत्याच असतात. हे बघायला कठड्याशी फार थोडे लोक असतात, पण पहिल्या संध्याकाळी याहून बघण्यासारखं दुसरं काही नाही.

बोट लागली तर? केबिन कुठली बरी?

जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची. हेलकावे टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त जाणवतात. मोठे सूट नेमके वरच असतात, त्यामुळे ज्याला बोट लागते त्याने लहान पण मधली केबिन घ्यावी. जहाजाला दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते आडवे डोलणं बरंच कमी करतात, पुढेमागे होणारं डोलणं मात्र थांबवू शकत नाहीत.

गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर तिचा उपयोग कमी होतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असेल तर काही गोळ्या आणि कानामागचे पॅच चालत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. मळमळ वाटली तर मोकळ्या हवेत या, क्षितिजाकडे बघा, थोडं कोरडं खा. पोट रिकामं ठेवल्याने त्रास वाढतो. एक-दोन दिवसांत बहुतेकांचं शरीर सरावतं.

जहाजावर आजारी पडलो तर?

डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो. बिल तुमच्या खात्यावर येतं आणि ते जड असतं. विमा घेताना त्यात समुद्रावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरलाय का, ते शोधून बघा. हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर खरा खर्च तोच. आधीपासूनचे आजार विम्याच्या अर्जात लिहा, लपवले तर दावा फेटाळला जातो.

पोट बिघडवणारा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो. नुसत्या सॅनिटायझरने तो नीट जात नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथली सीडीसी ही सरकारी संस्था तपासते आणि १०० पैकी गुण देते. ८५ किंवा त्याखाली गुण पडले तर जहाज नापास. हे गुण कोणालाही पाहता येतात, बुकिंगआधी जरूर पाहा.

शाकाहारी जेवण किंवा ॲलर्जीचं काय?

बुकिंग झाल्यावर लगेच लिहून कळवा, निघण्याच्या महिना-दोन महिने आधी. चालत नाही ते नेमकं लिहा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर मासे किंवा अंडी गृहीत धरली जाऊ शकतात. पहिल्या रात्री मुख्य रेस्टॉरंटच्या व्यवस्थापकाला भेटा. तो दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या संध्याकाळी दाखवतो आणि तुम्ही हवं ते सांगू शकता. लहान जहाजांवर हे उत्तम सांभाळतात.

रोज सूट-टाय घालावा लागतो का?

नाही. बहुतेक संध्याकाळी नीटनेटके कपडे पुरतात. काही कंपन्यांच्या एक-दोन रात्री औपचारिक असतात, तेवढं बुकिंगच्या कागदांत बघून घ्या.

फोन आणि इंटरनेट चालतं का?

जहाज सुटण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, मगच वाय-फाय लावा. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि तो दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. स्टारलिंक या उपग्रहावरून चालणाऱ्या इंटरनेट सेवेमुळे अनेक जहाजांवर आता व्हिडिओ कॉलही नीट होतात. बँकेचा ओटीपी एसएमएसने येत असेल तर मोठे व्यवहार निघण्याआधीच उरका.

एकटीने किंवा एकट्याने गेलं तर अवघडल्यासारखं होतं का?

भाडं जास्त पडतं, कारण केबिनचा दर दोघांचा धरलेला असतो. सहवासाचा प्रश्न मात्र लवकर सुटतो. बऱ्याच आलिशान जहाजांवर एकट्या प्रवाशांसाठी पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी गाठीभेटी असतात आणि अधिकाऱ्यांसोबत जेवायचं टेबल मिळतं. पहिल्याच दिवशी जा, गट त्याच दिवशी जमतात.

बंदरात उतरल्यावर घड्याळ कुठलं पाळायचं?

जहाजाचं. ते स्थानिक वेळेशी जुळेलच असं नाही आणि फोन स्वतःहून स्थानिक वेळ दाखवायला लागतो. म्हणून मनगटावर साधं घड्याळ बांधा. परत यायची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. सँटोरिनीसारख्या ठिकाणी जहाज समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटीने ये-जा होते. तिथे शेवटच्या बोटीची वेळ पाहा आणि केबल कारच्या रांगेसाठी तासभर धरा.

जहाज चुकलंच, तर पुढच्या बंदरात गाठता येतं का?

कधी येतं, कधी नाही. पुढच्या देशाचा व्हिसा हवा, तिथलं विमान हवं आणि खर्च तुमचा. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आडवा येतो: परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला साधारणपणे प्रवाशांना अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन सोडता येत नाही. त्यामुळे सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणाऱ्या अलास्काच्या सफरीचं जहाज चुकलं, तर मधे अलास्कातल्या जूनो बंदरात सहसा चढू देत नाहीत.

विमान लांबतंय असं दिसताच विमानतळावरूनच कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा, विमान सुटायची वाट बघू नका. तो नंबर कागदावरही लिहून ठेवा. सफरीत मधल्या बंदरात मागे राहिलात तर बंदरावरच्या जहाजाच्या एजंटला गाठा. त्याचं नाव आणि फोन रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो, उतरण्यापूर्वी त्याचा फोटो काढून घ्या. पासपोर्ट जहाजावरच राहिला असेल, तर कर्मचारी अनेकदा तो निघण्याआधी याच एजंटकडे देऊन जातात.